आमचं नाव माती

"आमच्या नावाला आजवर डाग लागला नाही, आणि मी जिवंत असेपर्यंत लागणार नाही," अप्पांनी भट्टीच्या फाटकात उभं राहून जाहीर केलं. त्यांच्या डोक्यावर, शिडीवर चढलेला पेंटर नव्या पाटीवर हातभर उंचीच्या इंग्रजी अक्षरांत 'अवर नेम इज मड' असं रंगवत होता. इंग्रजीत याचा अर्थ, आमची अब्रू पार धुळीला मिळाली आहे, असा होतो. पेंटरच्या ब्रशवरून निळ्या रंगाचा एक थेंब सुटला आणि अप्पांच्या पांढऱ्या सदऱ्यावर, नेमका खांद्यावर पडला. थेंबही त्यांना दिसला नाही आणि अर्थही.

"अक्षर ठसठशीत येऊ दे," ते वर बघून म्हणाले. "रस्त्याने जाणाऱ्याला लांबून वाचता आलं पाहिजे."

"येईल की," पेंटर म्हणाला. त्याला कुठल्याही भाषेतली अक्षरं काढता यायची. वाचायच्या भानगडीत तो पडत नसे. वाचत बसलं की हात कापतो, असं त्याचं मत होतं.

वाक्य अप्पांचं नव्हतं. ते त्यांना आर्किटेक्टने दिलं होतं. आठवड्यापूर्वी त्याने अप्पांना गावच्या वाचनालयात बोलावून घेतलं. वाचनालयाच्या छपरावर कौलं अप्पांच्या भट्टीतली होती आणि वाचकांच्या टेबलांवर पाणी होतं. आर्किटेक्टच्या हातात भिजून फुगलेला शब्दकोश होता. कमिटीची सगळी मंडळी भोवती गोल करून उभी होती. त्या सर्वांसमक्ष आर्किटेक्ट म्हणाला, "इन धिस टाउन, युवर नेम इज मड."

अप्पांच्या पदरात त्यातले दोनच शब्द पडले. नाव आणि माती. आणि ती त्यांना शाबासकी वाटली.

यात त्यांची चूक म्हणावी तर नव्हती. त्यांच्या वडिलांनी भट्टी घातली तेव्हापासून प्रत्येक कौलाच्या पोटावर, ते ओलं असतानाच, लाकडी ठशाने घराण्याचं नाव दाबलं जायचं. कौल छपरावर चढलं की ते नाव आतल्या बाजूला जातं, आणि मग ते फक्त पालींना दिसतं. कधीतरी एखादा शिकलेला माणूस कौल उलटं करून बघेल, अशी आशा अप्पा आयुष्यभर धरून होते. आता एवढा मोठा आर्किटेक्ट चार लोकांत म्हणत होता, की तुमचं नाव मातीत आहे. अप्पांनी त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाले, "थँक्यू, साहेब."

अपमान केल्याबद्दल कुणी आभार मानण्याचा आर्किटेक्टच्या आयुष्यातला हा पहिलाच प्रसंग. तो पुढचं भाषण विसरला.

"छप्पर थोडं गळतंय म्हणतात, चार-दोन कौलं सरकली असतील," अप्पांनी घरी येऊन सांगितलं. "पण माणूस कदरदान आहे."

थोरली सून चहाचा ट्रे घेऊन फाटकाशी आली तेव्हा पेंटर शेवटच्या शब्दाला लागला होता. ती शाळेत इंग्रजी शिकवायची. आठवडाभर माहेरी होती, सकाळीच परतली होती, त्यामुळे कदरदान माणसाची कथा तिच्यापर्यंत पोचलेली नव्हती. पाटीवर 'अवर नेम इज' एवढं वाळलं होतं आणि पुढे नुसता एम होता. एमपासून मॅग्निफिसंट होतं, मॅजेस्टिक होतं. शिक्षकी पेशामुळे समोरच्याचं उत्तर बरोबर येईल यावर तिचा शेवटच्या अक्षरापर्यंत विश्वास असे. मग यू आला.

"अप्पा, यापुढे काय येणारे?"

"डी," अप्पा म्हणाले. "तुला सांगायचंच राहिलं." आणि त्यांनी सगळं सांगितलं, दोन्ही हातांसकट. "इंग्रजी बरोबर आहे ना?"

थोरलीने ट्रे दुसऱ्या हातावर घेतला.

"व्याकरण अगदी बरोबर आहे," ती म्हणाली. पालकसभेत ती हेच करायची.

तिथून ती तडक मागच्या शेडमध्ये गेली. तिथे धाकटी, म्हणजे तिची नणंद, गुडघाभर मातीत उभी होती. भट्टी धाकटी सांभाळायची. घरातल्या आगीचं सगळं काम तिच्याकडे होतं आणि स्वभावही तिने त्याच मापाचा ठेवला होता.

"काय गं वहिनी, चेहरा का असा? चहा सांडला?"

"पाटीवर काय येणारे, माहितीय?"

"माहितीय. आमचं नाव माती. खरंच आहे की, त्यात काय."

थोरलीने अर्थ सांगितला. धाकटी आधी हसली, मग इतकी हसली की मातीतच बसली. मग हसणं हळूहळू ओसरलं.

"म्हणजे तो माणूस अप्पांना सगळ्यांसमोर..."

"हो."

"आणि अप्पा थँक्यू म्हणाले."

"दोन्ही हातांनी."

धाकटीने कपाळावरचे केस मनगटाने मागे केले. "सांगू नकोस त्यांना. आठवडाभर शीळ घालत फिरतायत. आई गेल्यापासून घरात शीळ ऐकली नव्हती."

"अगं, पण पाटी पुरी झाली की गाव हसेल."

"गाव हसतंयच. आता निदान इंग्रजी येणारेच हसतील."

थोरलीला हे पटलं असतं, पण तिच्या डोक्यात वेगळंच काहीतरी फिरत होतं. "वाचनालयात अप्पांबरोबर कोण गेलं होतं?"

धाकटी उत्तर द्यायच्या आधीच दोघींना उत्तर कळलं होतं.

थोरला, म्हणजे अप्पांचा मुलगा, थोरलीचा नवरा, भट्टीच्या ऑफिसात वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक वस्तू टेबलावर ठेवून तिच्याकडे बघत बसला होता. आजची बैठक त्यानेच बोलावली होती. भट्टी थंड होती, आत्या आली होती, सगळे घरात होते. पाण्याच्या टाकीवरून झालेल्या भांडणानंतर सगळे एका खोलीत बसायची ही पहिलीच वेळ. वस्तू म्हणजे नवा ठसा होता. त्यावर घराण्याचं नाव नव्हतं.

थोरला वाईट माणूस नव्हता. तो फक्त बाहेर जायचा, आणि बाकीचे जात नसत. कौलं विकायला त्याला बांधकामवाल्यांच्या पायऱ्या चढाव्या लागायच्या. वाचनालय गळल्यापासून एका ऑफिसातला शिपाई त्याला पाहिलं की छत्री उघडायचा. न हसता उघडायचा, हे विशेष. अप्पांना हे माहीत नव्हतं. धाकटीला माहीत असतं तर तिने त्या शिपायाला छत्रीसकट भट्टीत घातलं असतं. म्हणून थोरल्याने कुणालाच सांगितलं नव्हतं.

"तुम्ही तिथे होतात," थोरली दारातूनच म्हणाली.

"कुठे?"

"वाचनालयात. आणि तुम्हाला इंग्रजी येतं."

थोरल्याने वर्तमानपत्राची घडी नीट केली. "मग काय करायला हवं होतं मी? मध्ये उभं राहून भाषांतर?"

"थांबवायचं होतं."

"त्यांनी त्याचा हात धरला होता गं. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. मी काय म्हणणार, अप्पा, हात सोडा, हा शिव्या देतोय?"

थोरली खुर्चीत बसली. 

"आता तूच सांग त्यांना," थोरला म्हणाला. "तुझा विषय आहे. एकदा कळलं ना, की आपलं नाव बाजारात काय किमतीचं राहिलंय, तर तेच म्हणतील, घे तो नवा ठसा. मला वाद घालावा लागणार नाही."

"अच्छा. म्हणजे वाईट मी व्हायचं आणि ठसा तुमचा उमटायचा."

"तसं नाही."

"तसंच आहे. मी सांगेन, पण तुमच्यासाठी नाही."

"काय सांगायचं ते लवकर सांग. दुपारी तो येतोय."

"कोण?"

"आर्किटेक्ट. शाळेचं मोठं छप्पर आहे त्याच्याकडे. मी म्हटलंय, नवी फर्म आहे, नवं नाव आहे. नमुन्याचं कौल बघायला येतोय. जुनं नाव दिसलं तर काम दुसऱ्याला."

"अप्पांना माहितीय?"

"येतोय हे माहितीय." थोरला खिडकीतून फाटकाकडे बघत राहिला. "त्यांना वाटतंय, पाटी बघायला येतोय."

आत्या अप्पांची मोठी बहीण. सगळ्या घराला अप्पा असलेला माणूस तिला बाळ्या होता. घरात कोण कुणाच्या बाजूला आहे, हे तिला कोण कुणाला चहा देतं त्यावरून कळायचं. टाकीच्या भांडणात ती थोरल्याच्या बाजूला होती, कारण डोळ्यांच्या ऑपरेशनला तोच घेऊन गेला होता. आजही ती थोरल्याचीच बाजू घ्यायची असं ठरवून आली होती. नवं नाव म्हणजे काय आभाळ कोसळतंय, असं ती रिक्षात स्वतःशीच चारदा म्हणाली होती.

पण आज ऑफिसात बैठक बसली तेव्हा थोरलीने थोरल्याचा कप त्याच्या पुढ्यात न ठेवता टेबलाच्या कडेला ठेवला. धाकटीने तो तिथून उचलून स्वतः घेतला. आत्या सावरून बसली.

थोरल्याने ठशावरचं वर्तमानपत्र उघडलं. "न्यू एज रूफिंग," तो म्हणाला.

"एज म्हणजे वय ना रे?" आत्याने विचारलं. "नवं वय मिळत असेल तर मला आधी दे."

"युग, आत्या. नवं युग."

"मग युग म्हण की सरळ."

"नाव बदलण्यात कमीपणा नाही, एवढंच म्हणणं आहे माझं. मोठमोठ्या कंपन्या बदलतात."

"या घरात नाव बदलण्याचा अनुभव मला आणि तुझ्या बायकोला," आत्या म्हणाली. तिला बाजू घ्यायची होती थोरल्याचीच, पण जीभ वाट चुकली. "मी लग्नात बदललं. पहिल्याच दिवशी सासरी दूध उतू घातलं. सगळे नव्या नावाने ओरडले, एवढाच काय तो फरक."

धाकटी चहात हसली. अप्पा मात्र शांत होते. ते चमच्याने कपात गोल गोल ढवळत होते. ज्याची किंमत जगाला कळली आहे अशा माणसाचं ते ढवळणं होतं.

"कशाला हवंय हे सगळं?" ते म्हणाले. "ज्या नावाची आत्ता कुठे कदर व्हायला लागलीय, ते आपण पुसायचं? आर्किटेक्ट साहेब येतीलच आता. त्यांनाच विचारू."

 थोरला ठशाकडे बघत होता, थोरली थोरल्याकडे आणि धाकटी छताकडे. आत्याने तिघांच्या नजरा एकेक करून मोजल्या. अप्पांकडे एकही जात नव्हती.

"तुम्ही तिघं याच्याकडे बघत का नाही?" तिने विचारलं. "डॉक्टरने काही सांगितलंय का?"

अप्पांचा चमचा थांबला. "डॉक्टरने? मला काय झालंय?"

"तब्येत ठणठणीत आहे, अप्पा," धाकटी म्हणाली. सांगू नकोस म्हणणारी तीच होती, पण गप्प बसणं तिला कधी साधलंच नाही. "फक्त अब्रू गेलीय."

मग थोरलीने सांगितलं. वर्गात सांगावं तसं, सावकाश, नजर न चुकवता. "अप्पा, 'नेम इज मड' हा इंग्रजीत वाक्प्रचार आहे. आपण म्हणतो ना, अमक्याने नाव मातीत घातलं. तसं."

"कुणाचं नाव?"

"आपलं."

अप्पांनी कप खाली ठेवला. बशीवर बसलेल्या कपाचा आवाज त्यांना फार मोठा वाटला. आठवडाभर ते ज्या वाक्याबरोबर झोपले आणि उठले, ते वाक्य आता त्यांच्यासमोर बसून दात दाखवत होतं.

"पण माती तर..." ते म्हणाले आणि थांबले. "मातीत वाईट काय आहे?"

"त्यांच्या भाषेत आहे."

"आपल्या भाषेत कुठे चांगलं आहे?" आत्या म्हणाली. "माती खाल्ली, माती केली, मातीत गेलं. जगातलं सगळं वाईट मातीतच. कौलं विकणाऱ्यांनी भाषेवर दावा ठोकायला हवा होता."

अप्पा हसले नाहीत. "मी त्याला थँक्यू म्हणालो."

"हो."

"कमिटीसमोर." त्यांनी मान वळवून थोरल्याकडे पाहिलं. "तू होतास ना रे?"

"होतो."

"तुला कळलं होतं?"

"कळलं होतं, अप्पा."

"मग माझा हात का नाही धरलास?"

थोरल्याने नवा ठसा बाजूला सरकवला. मग म्हणाला, "तुमचे दोन्ही हात त्याच्याकडे होते."

 बाहेर पेंटर शीळ घालत होता. अप्पांची आठवडाभराची शीळ त्यानेही उचलली होती.

अप्पांची कामातली एक सवय होती. कौल तडकलं तर ते आधी विचारायचे, ही माती कुठून आणली. रागवायचं ते नंतर. तीच सवय आता उपयोगी आली. "कुणी काढलं हे वाक्य?" त्यांनी सुनेला विचारलं.

"सगळे सांगतात ती गोष्ट एका डॉक्टरची आहे," थोरली म्हणाली. "परदेशातली, दीडशे वर्षांपूर्वीची. एकाने राष्ट्राध्यक्षाला गोळी घातली. पळताना त्याचा पाय मोडला. तो एका डॉक्टरच्या दारात गेला, डॉक्टरने पाय बांधून दिला. डॉक्टरचं आडनाव मड. त्याला जन्मठेप झाली. पुढे माफी मिळून सुटला, पण नाव काही सुटलं नाही."

"पाय बांधला त्यात काय चुकलं?" आत्या म्हणाली. "लंगडत आलेल्याकडे आधी चांगल्या वर्तनाचा दाखला मागायचा?"

"त्याला ओळखत होता म्हणतात. त्यावर अजून वाद आहे. पण आत्या, गंमत म्हणजे वाक्याचं मूळ ते नाहीच. डॉक्टरच्या कितीतरी आधीपासून लोक हे वाक्य वापरत होते. तेव्हा मड म्हणजे मूर्ख, वायफळ बडबडणारा माणूस. कुणी पोकळ भाषण ठोकलं की म्हणायचे, याचं नाव मड."

अप्पांनी हे तोंडात धरून बघितलं. "म्हणजे शिवी आधीच शिवून तयार होती. आणि हा बिचारा नेमका तिच्या मापाचा निघाला."

"तसंच काहीसं."

"त्याची पोरंबाळं?"

"नातवापर्यंत सगळे झगडले. आजोबांच्या नावावरचा ठपका काढा म्हणून अर्ज, खटले, काय काय केलं."

"ते सोड. त्यांनी आडनाव बदललं का?"

 हा प्रश्न थोरलीच्या वर्गात आजवर एकाही मुलाने विचारला नव्हता. "नाही," ती म्हणाली. "मडच राहिले, आणि भांडले."

अप्पांची पाठ सरळ झाली. इतका वेळ ती कधी वाकली होती ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. आत्याच्या लक्षात आलं होतं.

"अप्पा, तो डॉक्टर निर्दोष असेल," थोरला म्हणाला. हे बोलणं त्याला जड जात होतं, पण बोलला. "आपण नाही. छप्पर खरंच गळतंय. चार-दोन कौलं नाही, सगळंच. मी वर चढून बघितलंय."

अप्पांनी धाकटीकडे पाहिलं. ती उठली, कोपऱ्यातल्या ढिगातून वाचनालयाच्या कामातलं उरलेलं एक कौल काढलं आणि बोटाच्या पेराने वाजवलं. चांगलं भाजलेलं कौल खणखणतं. हे बद्द वाजलं, कुणीतरी उशीवर टिचकी मारावी तसं.

"कच्चं आहे," धाकटी म्हणाली. "मी सांगितलं होतं, आच अजून हवी, आत्ता भट्टी मोडून कौलं काढू नका. तुम्ही म्हणालात, मोड, थोरल्याने तारीख दिलीय."

"मी म्हणालो?"

"याच खुर्चीत बसून."

"तारीख मी दिली होती," थोरला म्हणाला. "कुणाला न विचारता."

आत्याने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि चहाचा घोट घेतला. भाऊबहिणीचं एकाच गोष्टीवर एकमत झालेलं ती टाकीच्या भांडणानंतर पहिल्यांदाच ऐकत होती.

"म्हणजे गोळी आपणच घातली," अप्पा म्हणाले, "पायही आपलाच मोडला, आणि बांधायला डॉक्टरही आपणच." ते उभे राहिले. खांद्यावरचा निळा थेंब आता वाळून बिल्ल्यासारखा दिसत होता. "मग पळायचं कुठे? न्यू एजमध्ये? नव्या नावाने कच्चं कौल भाजलं जातं का रे?"

"नाही."

"उद्यापासून वाचनालयाचं छप्पर उतरवायचं. सगळं. मागच्या गल्लीने नाही, पुढच्या दाराने, भर उजेडात. एकेक कौल उलटं करून हातगाडीत ठेवायचं, नाव वर. बघू दे लोकांना. मग नवं भाजायचं, धाकटी म्हणेल तितकं, आणि त्याच नावाने चढवायचं."

"शाळेचं काम जाईल, अप्पा."

"जाईल."

"लोक बोलतील."

"काय बोलतील? पाटीवर आपण आधीच लिहिलंय. त्यांना नवीन काही सुचायचं नाही."

"बाळ्या, बस जरा," आत्या म्हणाली. "धाप लागलीय तुला." मग थोरल्याकडे वळून म्हणाली, "मी तुझ्या बाजूने आले होते हो. परतीची रिक्षा तुझ्याच बाजूने धरीन. मधलं मोजू नकोस."

थोरल्याने नवा ठसा उचलला, परत वर्तमानपत्रात गुंडाळला आणि कपाटाच्या वर टाकला. तिथे टाकीच्या भांडणातला तुटका नळही होता. मग त्याने खिळ्याला अडकवलेला जुना ठसा काढला. लाकूड हाताच्या घामाने काळं पडलं होतं आणि आजोबांच्या अंगठ्याच्या जागी खळगा होता. थोरल्याचा अंगठा त्यात बसत नव्हता. त्याने तसाच धरला आणि बाहेर गेला.

बाहेर अंगणभर ओली कौलं पोट वर करून पडली होती. सकाळपासून ती कोरीच होती. कोणता ठसा, ते आत ठरायचं होतं. थोरला इस्त्रीच्या पँटीसकट गुडघ्यावर बसला आणि दाबायला लागला.

"सरळ धर दादा," धाकटी मागून म्हणाली. "तिरकं जातंय."

"जाऊ दे. नाव तेच आहे."

"घराण्याचं आहे, तुझ्या एकट्याचं नाही. सरळ धर."

तो सरळ धरत होता तेवढ्यात फाटकाशी गाडी थांबली.

आर्किटेक्ट उतरला तो पाटीखालीच. पेंटर डीचं पोट भरत होता. आर्किटेक्टने वाचलं, परत वाचलं, आणि त्याचे कान लाल झाले. वाक्य आपलं आहे हे त्याने ओळखलं. पण ते असं मालकाने स्वतःच्या फाटकावर टांगलेलं बघितल्यावर त्यात आपण नेमके कुठे उभे आहोत, हे त्याला कळेना.

"ही काय चेष्टा लावलीय?" तो अंगणात येत म्हणाला.

"चेष्टा नाही, साहेब," अप्पा पायरीवरून म्हणाले. "तुमचंच आहे. तेव्हा अर्थ कळला नव्हता. आज कळला."

"मग पुसून टाका."

"का? खोटं आहे का?"

आर्किटेक्टला या माणसासमोर दुसऱ्यांदा पुढचं भाषण आठवेना. त्याने थोरल्याकडे मोर्चा वळवला. "तुम्ही म्हणाला होतात, नवी फर्म आहे. कुठंय ते कौल?"

थोरला गुडघ्यावरच होता. त्याने वर बघितलं. "नवी फर्म नाही, साहेब. जुनीच आहे. नाव बाहेर लिहिलंय."

धाकटीने हातातला चिखल उगाचच पुन्हा मळला. थोरलीने दारात उभ्या उभ्या पदराने चष्मा पुसला. तो स्वच्छच होता.

"ठीक आहे. शाळा विसरा," आर्किटेक्ट म्हणाला. "आणि या गावातल्या प्रत्येक बांधकामवाल्याला मी स्वतः सांगणार आहे, यांची कौलं..."

"सांगा," अप्पा पायऱ्या उतरत म्हणाले. त्यांचा आवाज थोडा हलत होता, पण तो हलतच पुढे गेला. "जरूर सांगा. फक्त अर्धं सांगू नका. म्हणावं, कौलं कच्ची निघाली आणि म्हाताऱ्याने कबूल केलं. उद्या वाचनालयात या, तुमच्यासमोर उतरवतो. तुमच्यासमोरच नवी चढवतो. तीही गळली तर मी स्वतः त्या पाटीखाली उभा राहीन, आणि गावाने येऊन वाचून दाखवावं. पण नाव बदलायचं नाही. ते माझ्या बापाने मातीत घातलंय, साहेब. मुद्दाम. रोज. मीही घालतो, आणि हा बघा, आता माझा मुलगाही घालतोय. हे सगळं इंग्रजीत सांगायचं असेल तर लिहून आणा. माझी सून तपासून देईल."

 आयुष्यभर छपरांचे कोन मोजणारा आर्किटेक्ट रागाने एक पाऊल पुढे आला, मग आणखी एक, आणि बोट उगारून म्हणाला, "तुमच्या या घराण्याला..."

खाली कसलासा मऊसर आवाज झाला.

सगळ्यांनी खाली, आर्किटेक्टच्या बुटाखालच्या कौलाकडे पाहिलं. अप्पांच्या ओठांवर आणखी बरंच काही आलं होतं. तीन पिढ्या होत्या, आग होती, डॉक्टरचे नातू होते. ते सगळं त्यांनी गिळलं.

"साहेब," ते म्हणाले, "तेवढा पाय उचलता का? ओलं आहे."